बंदी उठावी ती सिगार वळणाऱ्या हातांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्युबाच्या सिगारवरची अमेरिकेतली बंदी उठण्याच्या शक्यतेवर आलेला लेख वाचला. माहिती चांगली होती, पण ती सगळी ओढणाऱ्याच्या बाजूने होती. क्युबाची नावाजलेली कोहिबा सिगार अमेरिकेतल्या मियामीत केवढ्याला मिळेल, दुकानात राजरोस मिळू लागल्यावर तिची ऐट उरेल का, याचीच चर्चा. सिगार वळणाऱ्या माणसांबद्दल त्यात एक ओळही नव्हती. माझ्या आईने सिन्नरला सव्वीस वर्षे विड्या वळल्या. त्यामुळे ती उणीव मला लगेच टोचली.

बंदी उठावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ती कोणासाठी उठावी हे नीट बोलले गेले पाहिजे.

या बंदीची गोष्ट पहिल्यापासून शौकिनांच्या सोयीनेच सांगितली जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी 1962 मध्ये क्युबाशी व्यापारबंदीच्या हुकमावर सही केली. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना क्युबाच्या सिगार गोळा करायला पाठवले आणि सकाळी 1,200 मिळाल्याचे ऐकल्यावरच सही केली, असे स्वतः सॅलिंजर यांनी सांगून ठेवले आहे. हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. मला त्याचे हसू येत नाही. ज्याने बंदी घातली त्याची सोय झाली होती. अमेरिकेतल्याच टँपा शहरातले सिगारचे कारखाने क्युबाच्या पानावर चालत, तिथल्या कामगारांची मात्र कुणी सोय केली नव्हती.

आणि ओढणाऱ्याचे पुढेही काही अडले नाही. क्रांतीनंतर क्युबातून बाहेर पडलेल्या तंबाखूवाल्यांनी आपले कसब आणि क्युबाचे बियाणे डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथे रुजवले. आज या देशांतून अमेरिकेत हाताने वळलेल्या सिगार वर्षाला 40 कोटींहून अधिक जातात. म्हणजे साठ वर्षांत सिगार ओढणारा कधी उपाशी राहिला नाही.

अडले ते पिनार देल रिओच्या शेतकऱ्याचे. क्युबाच्या पश्चिम टोकाचा हा प्रांत. सान लुईस, सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या परिसरातले पान जगात नावाजलेले आहे. सिगारच्या बाहेरच्या वेष्टणाचे पान पातळ आणि बिनडागी लागते, म्हणून ते रोप कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. पाने खालून वर, एका वेळी दोन-तीन अशी हाताने खुडतात, काठ्यांवर ओवतात आणि लाकडी कोठारात आठवडेच्या आठवडे वाळवतात. सप्टेंबर 2022 मध्ये इयान चक्रीवादळाने अशी हजारो कोठारे जमीनदोस्त केली. ती उभी करायला लाकूड, खिळे, पत्रे आणि डिझेल लागते. खत तर दर हंगामाला हवेच. अमेरिकेच्या 1992 च्या कायद्यानुसार व्यापारासाठी क्युबाच्या बंदराला लागलेल्या जहाजाला पुढचे 180 दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही. अमेरिकेतला धंदा सोडून क्युबाला खिळे पोचवायला कोण येईल? जो येतो तो दाम चढे लावतो. उलट 2000 सालच्या कायद्याने दिलेल्या सवलतीमुळे अमेरिकेतली गोठवलेली कोंबडी रोखीने क्युबाला विकता येते. क्युबाचे पान मात्र अमेरिकेत जाऊ शकत नाही.

आता वळणाऱ्यांबद्दल. क्युबाची राजधानी हवाना, तिथल्या सिगार कारखान्यांत 1865 पासून एक प्रथा सुरू झाली. कामगार ओळीने बसून सिगार वळतात आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी. त्या काळी वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत आणि काय वाचायचे हेही तेच ठरवत. वाचन आवडले की पाने कापायची सुरी पाटावर वाजवून दाद देतात. तेव्हा क्युबावर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सत्तेने या वाचनावर वर्षभरातच बंदी घातली होती. कामगार ऐकतात ते पुढे बोलू लागतात, ही भीती. टँपामध्येही हे वाचक होते. 1931 मध्ये मालकांनी त्यांना काढले आणि कारखान्यांत रेडिओ आला. क्युबात मात्र वाचक आजही आहेत. आपल्याकडे केरळात, कन्नूरकडच्या विडी कामगारांतही वर्तमानपत्र वाचून दाखवायची पद्धत होती.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आईच आठवली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने. पत्र्याच्या मापाने पान कापायचे, चिमूट भरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल घालायला गेले की त्यातल्या काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात. त्यांचे पैसे मिळत नसत, पान कमी पडले तर तेही पदरचे. आई शाळेत गेलेली नव्हती. ती विड्या वळायची आणि मी शेजारी बसून तिला माझे मराठीचे पुस्तक वाचून दाखवायचे. धडा आवडला की तिची बोटे थांबायची नाहीत, मान तेवढी हलायची. हवानातल्या त्या सुरीच्या आवाजाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

आपल्या लेखात बंदी उठणे म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीचा प्रश्न असल्यासारखे लिहिले आहे. तसे ते नाही. 1996 च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने ही बंदी संसदेच्या कायद्यात गोठवली आहे. ती पूर्ण उठवायची तर क्युबात सत्तांतर झाले पाहिजे, नाहीतर अमेरिकी संसदेने तो कायदाच बदलला पाहिजे. राष्ट्राध्यक्षाच्या हाती उरते ती किरकोळ सूट. ओबामांनी 2015 मध्ये प्रवाशांना 100 डॉलरपर्यंतची दारू-तंबाखू बरोबर आणू दिली, 2016 मध्ये तीही मर्यादा काढली. ट्रम्प सरकारने 2020 मध्ये ते सारे बंद केले. प्रवाशाच्या बॅगेपुरत्या अशा सवलतीवर कोणता शेतकरी पुढच्या हंगामाचा हिशेब मांडेल?

शिवाय नावांचे भांडण आहेच. अमेरिकेत कोहिबा नावाची सिगार आजही मिळते, पण ती क्युबाची नव्हे. तिथल्या कंपनीने ते नाव 1981 मध्ये नोंदवले आणि 1997 पासून त्यावर खटला चालत आला. बंदी उठली तरी आपलेच नाव लावून माल विकायला क्युबाला आधी वकील लावावे लागतील.

क्युबाच्या सरकारला मी यातून सोडत नाही. सिगारचा जागतिक व्यापार पाहणाऱ्या हाबानोस कंपनीची 2024 ची विक्री 82 कोटी 70 लाख डॉलर होती. निम्मी मालकी सरकारची, निम्मी परदेशी भागीदारांची. 2022 मध्ये त्यांनी कोहिबाचे भाव जगभर एकदम चढवले. पण शेतकऱ्याने पान सरकारलाच विकायचे, तेही सरकारने ठरवलेल्या भावाने. एकाधिकार कापूस खरेदीचा काळ पाहिलेल्या महाराष्ट्राला यातले दुखणे माहीत आहे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी 1981 मध्ये भावासाठी महामार्ग अडवला तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या, पण निदान रस्त्यावर उतरायला त्यांची स्वतःची संघटना होती. पिनार देल रिओच्या शेतकऱ्याला तेवढीही मोकळीक नाही.

तंबाखू जीव घेते, मग तिच्या व्यापाराची वकिली कशाला, असे काही वाचक विचारतील. आईचा शेवटच्या वर्षांतला खोकला मी ऐकला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला हलका वाटत नाही. पण ही बंदी आरोग्यासाठी कधीच नव्हती. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर अमेरिका आणि क्युबा दोघांनीही सह्या केल्या, पण मंजुरी दोघांनीही दिलेली नाही. आपण ती 2004 मध्येच दिली. सिगारवर जबर कर लावा, जाहिरात बंद करा, माझा पाठिंबा आहे. निकाराग्वाची सिगार चालते आणि क्युबाची चालत नाही, यात मात्र कोणाच्याच फुप्फुसाचे भले होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 1992 पासून ही बंदी उठवण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर होत आला आहे आणि भारत त्याच्या बाजूने मत देत आला आहे. म्हणजे हा विषय आपल्या वाचकांना परका नाही.

म्हणून एक विनंती. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा मियामीतल्या दुकानातल्या भावाशेजारी आणखी दोन आकडे छापा. सान लुईसच्या शेतकऱ्याला पानाचे काय मिळाले आणि हवानाच्या कारखान्यात सिगार वळणाऱ्या बाईला दिवसाचे काय मिळाले.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
सिन्नर, जि. नाशिक