चांदोलीचे जंगल आणि मंगळवेढ्याचे पाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मार्चमध्ये सोलापुरातील आम्ही तीन कुटुंबे चांदोली राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. आपल्याकडे अभयारण्य म्हटले की नान्नजचे माळरान आणि काळवीट डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे मणदूरकडून आत शिरल्यावर दोन्ही अंगांनी दाटत गेलेली सदाहरित झाडी, जांभ्याचे उघडे सडे आणि कड्यावरून खाली पाहताना खोल घळईत दिसणारी वारणा यांपुढे मुले बराच वेळ गप्पच होती. गवे लांबून दिसले, शेकरू मात्र डोक्यावरच्या फांदीवरून गेले.

आमच्यातील एकांची शेती मंगळवेढा तालुक्यात आहे. घळईकडे पाहत ते म्हणाले, "आमच्या कालव्याला येतं ते यातलंच की." त्यांचे म्हणणे खरे आहे. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते आणि त्याखाली म्हैसाळ येथे उचललेले पाणी जतमार्गे मंगळवेढ्याच्या काही गावांपर्यंत पोहोचते. कोयनेचे पाणी टेंभू योजनेतून सांगोल्याला येते. या दोन्ही नद्यांची जंगले मिळूनच 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर वारणेच्या पाणलोटातील पाथरपुंज हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तो पाऊस पालापाचोळ्यात आणि मुळांत मुरतो, म्हणून ओढे पावसाळ्यानंतरही वाहतात आणि चांदोली धरणाच्या 34.40 टीएमसीच्या वसंतसागर जलाशयात गाळ कमी उतरतो. या जंगलासाठी आणि धरणासाठी कित्येक गावांनी आपली घरे सोडली, हेही आपण पाणी वापरताना लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. शाळांच्या सहली दरवर्षी त्याच त्या ठिकाणी नेण्याऐवजी सांगोला आणि मंगळवेढ्याच्या शाळांनी तरी एकदा चांदोलीला जावे; मात्र लहान तुकड्यांनी, स्थानिक वाटाड्यासह आणि स्पीकर, प्लास्टिक न नेता. पावसाळ्यात उद्यान बंद असते, तेव्हा हिवाळ्याचे दिवस योग्य ठरतील. दुसरे असे की, हे पाणी पुढे कोणकोणत्या तालुक्यांना जाते याचा नकाशा वनविभागाने प्रवेशद्वारावर लावावा. आम्हाला तेथे तो कोठेही दिसला नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर