विजेच्या गाड्या आणि गॅरेजमधला मीटर

संपादक महोदय, स.न.वि.वि.

विजेवर चालणाऱ्या स्कूटर आता गावोगावच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. त्यांना लावला जाणारा मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) मात्र बहुतेक ठिकाणी तोच जुना, दोन-तीनशे रुपयांचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याने झालेली चूक बहुधा जिवावर बेतत नाही. ७२ व्होल्टचा लिथियम पॅक पूर्ण चार्ज झाला की ८४ व्होल्टपर्यंत जातो, आणि ६० व्होल्टच्या वरचा डीसी (बॅटरीचा एकाच दिशेचा प्रवाह) जिवाला धोक्याचा धरतात.

सर्वांत जास्त घडणारी चूक मीटरच्या लाल लीडची, म्हणजे लाल वायरची. करंट मोजायला ती १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालतात आणि काम झाल्यावर तिथेच विसरतात. पुढचा माणूस डायल व्होल्टवर फिरवतो आणि प्रोब (लीडच्या टोकाच्या सळ्या) थेट बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना टेकवतो. त्या सॉकेटच्या आत जाड तारेचा एक तुकडा असतो, रोध जवळजवळ नाहीच. म्हणजे त्याने शॉर्टच मारलेला असतो. स्वस्त मीटरवर तिथेच बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ (फ्यूज नाही) छापलेले असते, तेही कोणी वाचत नाही. लिथियम पॅक क्षणात शेकडो अँपिअर सोडतो, प्रोबचे टोक वितळून उडते आणि लीड हातातच पेटते. म्हणून करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी लाल लीड व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत गेलीच पाहिजे. सेल्फचा किंवा मोटरचा करंट या मीटरने मोजूच नये. त्याला डीसी वाचणारा टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) लागतो, साधा फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा प्रवाह, वाचतो.

दुसरी चूक अधिक फसवी. डायल एसीवर राहिली तर पॅक भरलेला असूनही अनेक मीटर शून्याच्या आसपास आकडा दाखवतात आणि सप्लाय बंद आहे असे समजून हात आत जातो. यावर उपाय एकच. आधी चालू बॅटरीवर मीटर तपासा, मग कामाच्या जागी मोजा, पुन्हा त्याच बॅटरीवर तपासा. पहिला आणि तिसरा आकडा बरोबर आला तरच मधल्या शून्यावर विश्वास ठेवा.

हायब्रिड आणि विजेच्या मोटारींतल्या नारिंगी केबलमध्ये काहीशे व्होल्ट असतात. सर्व्हिस प्लग (बॅटरीचा पुरवठा तोडणारा प्लग) काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, बहुधा ५ ते १० मिनिटे, थांबावे लागते. मीटर आणि लीड दोन्हींवर ‘कॅट थ्री १००० व्होल्ट’ हा सुरक्षेचा दर्जा छापलेला हवा, हातात १००० व्होल्टचे रबरी मोजे हवेत. हे नसेल तर त्या केबलला हात लावू नये. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर तर कंटिन्युइटी (वायर सलग आहे की नाही) तपासूच नये, कारण ती तपासताना मीटर स्वतःचा करंट सोडतो आणि त्याने एअरबॅग फुटू शकते.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमात ही तीन टप्प्यांची तपासणी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तिला गुण ठेवावेत, ही संबंधितांना विनंती.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सांगली