रुग्ण हलवणाऱ्यांच्या कमरेचाही विचार व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशिकच्या शासकीय आणि महापालिका रुग्णालयांसाठी जी खरेदी होईल, तिच्यात वॉर्डातील सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी यांच्या कमरेचाही विचार व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. रुग्णाला स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे, घसरलेल्या रुग्णाला उशीकडे वर सरकवणे, लकवा झालेल्याला कुशीवर वळवणे ही कामे प्रत्येक पाळीत अनेकदा करावी लागतात. त्यातून जडलेले कंबरदुखीचे आणि मणक्याचे आजार आपल्याकडे ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून दिले जातात, याचे मला फार वाईट वाटते.

‘पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ धरा’ हे परिचर्येच्या पहिल्याच वर्षी शिकवले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु हा नियम जमिनीवरचे खोके उचलताना जसा पाळता येतो, तसा खाटेवरच्या माणसाच्या बाबतीत पाळता येत नाही. खाटेची कड आड येत असल्यामुळे गुडघे वाकवायला जागा उरत नाही आणि रुग्ण हातभर लांब असल्यामुळे ओझे अंगाजवळ येत नाही. पाठीचे स्नायू मणक्याला अगदी लागून असतात. ओझे जितके लांब, तितका अधिक जोर त्यांना लावावा लागतो आणि तो सारा दाब कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर पडतो. त्यातच वाकलेल्या स्थितीत कंबरेला पीळ दिला, तर इजा होण्याचा धोका आणखी वाढतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा सुमारे १६ किलो सुचवली, तीही रुग्ण सहकार्य करणारा असेल तर. साठ किलोच्या माणसाचे नुसते दोन्ही पाय उचलले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे केवळ प्रशिक्षण देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. कमरेचा पट्टा बांधणाऱ्या अनेक सिस्टर मी पाहिल्या आहेत, पण निरोगी कंबर त्या पट्ट्याने दुखापतीपासून वाचते, असे सिद्ध झालेले नाही.

खरा उपाय म्हणजे रुग्णाला उचलण्याऐवजी सरकवणे. त्यासाठी रुग्णाच्या अंगाखाली घालायची गुळगुळीत घसरचादर (स्लाइड शीट) आणि प्लास्टिकची सरकपट्टी लागते, आणि रुग्ण उचलणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या तुलनेत या दोन्ही वस्तू अगदी स्वस्त आहेत. खाट कामापुरती कमरेच्या उंचीवर आणता आली पाहिजे आणि काम झाल्यावर पुन्हा खाली घेता आली पाहिजे. अनेक वॉर्डांत खाटेचा हँडल गंजून अडकलेला असतो, चाकांचे ब्रेक लागत नाहीत आणि एक बाजू भिंतीला टेकलेली असल्यामुळे दुसऱ्या माणसाला उभे राहायलाही जागा मिळत नाही. नवी खरेदी होईल तेव्हा होईल, ही दुरुस्ती तर उद्याही करता येईल. अतिदक्षता आणि अस्थिरोग विभागांत मात्र रुग्ण उचलणारे यंत्र हवेच.

यात रुग्णाचेही हित आहे. बगलेत हात घालून ओढल्याने लकव्याच्या रुग्णाचा खांदा दुखावतो आणि चादरीवरून फरफटत नेल्याने त्वचा सोलवटून पाठीला जखमा होतात.

सर्वांत जास्त सोसावे लागते ते कंत्राटी मावशी आणि मामांना, कारण रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ते दुखणे सांगतच नाहीत. अशा दुखापतींची नोंद अपघात म्हणून व्हावी आणि उपचारांच्या काळात मजुरी मिळावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. त्याने परिचर्येच्या प्रात्यक्षिक परीक्षेत घसरचादरीचा वापर सक्तीचा करावा आणि जिल्हा रुग्णालयाने व महापालिकेने रात्रपाळीत रुग्ण हलवताना दोन माणसे असतील याची लेखी हमी द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, नाशिक रोड