पिट्सबर्गकरांना विचारणे

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. इतकी वर्षं हेच चाललंय. म्हणून आज चारचौघांसमोर लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत आई गेली आणि मे महिन्यात मी बाबांना सांगलीहून पिट्सबर्गला घेऊन आले. सगळा जन्म एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. गाड्यांचा गोंगाट, कंडक्टरांची गाऱ्हाणी, रजिस्टरांचे ढीग. आमच्या गल्लीत तर दुपारी चिटपाखरू नसतं. बाबा खिडकीशी बसायचे. हाक मारली की येऊन दोन घास खायचे, परत खिडकीशी. कामाला निघताना दार ओढून घेतलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मंडळाच्या कार्यक्रमात एकदा काकूंपाशी रडले, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही दारात उभे. एका हातात काकूंनी दिलेली थालीपिठं, दुसऱ्या हातात छोटा रेडिओ.

कसं वाटतंय वगैरे तुम्ही बाबांना काही विचारलं नाहीत. रेडिओ लावलात आणि म्हणालात, "पायरेट्सची मॅच आहे. पिट्सबर्गची बेसबॉल टीम. सलग वीस मोसम या टीमच्या हारी जास्त आणि जिती कमी. बसा."

बाबा बसले.

रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पूल आहे, विली स्टार्जेलचा पुतळा आहे, त्यांचं मी वेगळं काय सांगणार, असं म्हणून तुम्ही नेहमी भलत्याच माणसांकडे वळायचात. पहिल्या आठवड्यात पायरेट्सचा हार्वी हॅडिक्स. २६ मे १९५९, मिलवॉकीत ब्रेव्ह्जविरुद्धची मॅच. अंगात फ्लू, तरी या डावखुऱ्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, सलग १२ इनिंग एकाही बॅटरला पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. ३६ आले, ३६ परत गेले. पण समोरच्या ल्यू बर्डेटला १२ हिट मारूनही आपल्यांना एक रन काढता आला नाही. तेराव्या इनिंगमध्ये डॉन होकचा थ्रो चुकला आणि पुढे जो अॅडकॉकच्या फटक्यावर हॅडिक्स १–० हरला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा तर आपला पद्माकर शिवलकर." ५८९ फर्स्ट क्लास विकेट काढून एकही टेस्ट न मिळालेला आणखी एक डावखुरा. काका, आई गेल्यापासून बाबांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून नुसती उभी राहिले.

त्यानंतर तुम्ही रोज येऊ लागलात.

१ सप्टेंबर १९७१ ची मॅच तुम्ही स्वतः पाहिलेली. तेव्हा विद्यार्थी होतात, स्वस्तातलं तिकीट, थ्री रिव्हर्स स्टेडियममधली वरची रांग, जेमतेम ११ हजार लोक. फिलाडेल्फियाविरुद्ध मॅनेजर डॅनी मर्टॉने उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय, कुणी अमेरिकेतले, कुणी पनामा, क्यूबा, पोर्तो रिकोचे. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, असं पहिल्यांदाच घडत होतं आणि तुमच्या रांगेत ते कुणाच्या लगेच लक्षातही आलं नाही. आपण १०–७ जिंकलो. तुम्ही ती नऊ नावं बाबांना क्रमाने म्हणून दाखवलीत. पहिला रेनी स्टेनेट, ज्याने पुढे १९७५ मध्ये शिकागोत सातपैकी सात हिट मारले. दुसरा जीन क्लाइन्स. आठवा जॅकी हर्नांडेझ, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, ज्याची बॅट कधी फारशी चालली नाही. पण त्याच वर्षी बाल्टिमोरला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमधला शेवटचा चेंडू त्याच्याकडेच आला. त्याने तो उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि आपण २–१ ने चँपियन झालो.

"हे स्कोअरबुकात ६-३ असं लिहायचं," तुम्ही म्हणालात. "शॉर्टस्टॉप सहा, फर्स्ट बेस तीन."

बाबांनी मान वर केली. आकडे आणि रकाने दिसल्यावर त्यांचा हात राहणारच नव्हता. हिशेबाला आणलेली लांब वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि त्या रात्रीपासून मराठी आकड्यांत स्कोअर लिहायला घेतला. शिसपेन्सिल, टोक काढलेली, दर इनिंगनंतर कानावर. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या भालाफेक करणाऱ्या पोरांना २००८ साली पायरेट्सनी करारावर घेतलं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबांनी पहिल्या पानावर त्यांचीही नावं लिहिली. ती दोघं मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत, तरी लिहिली.

९ सप्टेंबरला टेक्सासमध्ये १–० जिंकून ८२ वी जीत झाली, म्हणजे या मोसमात हारींपेक्षा जिती नक्की जास्त. वीस वर्षांची साडेसाती संपली. बाबांनी तो आकडा दोनदा गिरवलाय.

१ ऑक्टोबरची रात्र तर तुमच्या बेसमेंटमधली. सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्डची, म्हणजे हरला तो बाहेर अशी मॅच, पीएनसी पार्कमध्ये चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून बसलेली, बाबांच्या अंगावर तुमचा काळा स्वेटर. सगळं मैदान सिनसिनाटीच्या पिचरला चिडवायला त्याच्या नावाचा पुकारा करत होतं, "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो". त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. बाबा उभे राहून ओरडत होते. सांगलीच्या स्टँडवर गाडी लावून घेताना निघायचा तो आवाज, मी लहानपणी ऐकलेला.

पुढच्या फेरीत सेंट लुईसकडून हरलो, त्याचं बाबांना फार लागलं. म्हणून चार दिवसांनी, १३ ऑक्टोबरच्या रविवारी, तुम्ही त्यांना पिट्सबर्गमधल्याच ओकलंड भागात, फोर्ब्ज फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या उरलेल्या भिंतीपाशी घेऊन गेलात. दर वर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, यँकीजविरुद्धची, रेडिओच्या जुन्या रेकॉर्डिंगवर पहिल्यापासून ऐकतात. पायरेट्सच्या मॅझेरोस्कीचा मॅच जिंकून देणारा शेवटचा होम रन बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी यावा अशी वेळ साधून लावतात. बाबा घडीच्या खुर्चीत, वही मांडीवर. त्रेपन्न वर्षांपूर्वीची मॅच त्यांनी चेंडू-चेंडू लिहून काढली, जणू निकाल अजून लागायचा आहे. बिल व्हर्डनचा फटका उसळून यँकीजच्या शॉर्टस्टॉप क्यूबेकच्या गळ्यावर बसला, तेव्हा बाबा "अरेरे" म्हणाले. मग आठव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना, त्याच इनिंगला आत आलेला राखीव कॅचर हॅल स्मिथ आला आणि त्याच्या तीन रनांच्या होम रनने आपण ९–७ पुढे गेलो. तुम्ही बाबांच्या कानाशी वाकून म्हणालात, "हा नसता तर मॅझेरोस्की नसता." यँकीजनी नवव्या इनिंगमध्ये बरोबरी केली म्हणून स्मिथचं नाव मागे पडलं. आणि १०–९ ची ती मॅच जिंकलेला पिचर कोण, तर हार्वी हॅडिक्स. ते तुम्ही मेपासून मुद्दाम राखून ठेवलं होतंत. बाबांनी टाळी मागितली, तुम्ही दिलीत.

नोव्हेंबरमध्ये बाबा सांगलीला परतले ते माणसात येऊन.

यंदाच्या मे महिन्यात ते गेले. कपाट आवरताना वही सापडली. भिंतीपाशी लिहिलेल्या पानावर हॅल स्मिथच्या रकान्याभोवती चौकट आहे आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ: "स्मिथचे पुढे काय झाले, पिट्सबर्गकरांना विचारणे." तुम्हाला ते याच नावाने हाक मारायचे, आठवतं ना?

वही तुमच्यासाठी आणली आहे. शनिवारी येते. थालीपिठं या वेळी माझ्याकडून. आल्यावर तेवढं स्मिथचं सांगा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
लेकीसारखी