सांडपाण्याची सोय होते, बाळांची का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की सोसायटीतले पालक मुलींना घेऊन माझ्याकडे येतात. मेकॅनिकल घेऊ का, मुलीला झेपेल का? मी सांगते, खुशाल घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फार चांगला निर्णय. पुढची एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही, ती इथे लिहिते.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. यंदा बारावं वर्ष. पोटुशी असताना सातव्या महिन्यापर्यंत लाइनवर उभी होते. 26 आठवड्यांची पगारी रजा विनातक्रार मिळाली. ती संपून रुजू झाले तेव्हा लेक पाच महिन्यांची होती आणि खरी कसरत तिथून सुरू झाली.

मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यावी, असं कायदा सांगतो. पण लेक निगडीत घरी, मी म्हाळुंग्यात कारखान्यात आणि मधे तळवड्याचा चौक. तो चौक ज्यांनी संध्याकाळी सहाला पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. मग त्या दोन सुट्ट्यांत मी गेज रूममध्ये बसून पंपाने दूध काढत असे. आतून कडी लागणारी तेवढीच खोली होती. मोजमापं चुकू नयेत म्हणून ती रात्रंदिवस 20 अंशांवर ठेवलेली असते, त्यामुळे भर मे महिन्यातही स्वेटर घालून, सीएमएम या मोजमापाच्या मशीनकडे पाठ करून बसायचं. बाहेर कुणीतरी जॉब, म्हणजे बनवलेला भाग, तपासायला घेऊन दार वाजवत असे. एकदा ऑडिटला आलेल्या साहेबांनी मास्टर गेजांच्या कपाटाशेजारची माझी निळी बर्फाची पिशवी पाहून विचारलं, "याला आयडेंटिफिकेशन टॅग का नाही?" मी सांगितल्यावर बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजले.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही दिली. आमच्या पटावर 43 माणसं. बाकीचे कंत्राटी, ते धरायचे की नाही, यावर वाद घालायला मी वकील नाही. मालकांवर माझा फारसा राग नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेपलीकडे पगार असलेल्या बाईच्या रजेचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात आणि एका बाळासाठी पाळणाघर काढा म्हणणं मलाही जड जातं. पण याच हिशेबातून मुलाखतीला आलेल्या मुलीला "लग्नाचं काय ठरलंय?" असं विचारलं जातं. गेल्या वर्षी असं विचारलं गेलं तेव्हा टेबलाच्या अलीकडे मीही बसले होते. गप्प बसले.

एकेका छोट्या कारखान्याला सांडपाण्याची यंत्रणा परवडत नाही, म्हणून राज्यातल्या अनेक औद्योगिक वसाहतींत सामायिक प्रक्रिया केंद्रं आहेत. सगळे मिळून खर्च उचलतात. मग सामायिक पाळणाघर का नसावं? तशी मुभा 2017 च्या दुरुस्तीनेच दिली. जागा औद्योगिक विकास महामंडळाने द्यावी, खर्च माणसांच्या प्रमाणात कारखान्यांनी वाटून घ्यावा आणि वेळ शिफ्टप्रमाणे असावी. सध्याचं आमचं खासगी पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि सेकंड शिफ्टच्या ऑपरेटर मुलींना तर त्याचा काहीच उपयोग नाही. त्यांची मुलं शेजारणींच्या भरवशावर असतात.

आमच्याकडे दोन वर्षं सासूबाईंनी निभावलं, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवरा हिंजवडीला आयटीत, तीन दिवस घरूनच काम करतो. मीटिंगमध्ये लेक मधे बोलली की सगळे त्याचं कौतुक करतात. असो.

देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता, अठराव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात चार महिन्यांची मुलगी. मद्रासच्या गिंडी कॉलेजात त्या इलेक्ट्रिकल शिकल्या आणि पुढे कलकत्त्याच्या एका कंपनीत वीजवाहिन्यांचं डिझाइन केलं. मुलीला भावाच्या घरी सांभाळलं, म्हणून ते जमलं. ही 1940 च्या दशकातली व्यवस्था. आज चाकणमध्ये तीच आहे, फक्त भावाच्या जागी सासूबाई.

आमच्या गेटसमोर एक मोकळा भूखंड आहे. त्यावर ट्रेलर उभे असतात. मोजून देऊ का?

– क्वालिटी विभागातली एक इंजिनिअर, निगडी

ता. क. नोकरी चालू आहे, तेव्हा कृपया नाव छापू नये.