पोऱ्याने वय सोळा सांगायचं की एकोणीस?

संपादक साहेब, नमस्कार.

भुसावळ स्टेशनवर एकटी राहणारी पोरं आम्हा अप-डाऊनवाल्यांना काही नवीन नाहीत. रात्री जिन्याखाली झोपतात, चपला डोक्याखाली घेऊन, नाहीतर सकाळी गायब. त्यातला एक पोऱ्या ओळखीचा झालाय, वय विचारलं की आधी समोर कोण आहे ते बघतो, पोलीस दिसला की सोळा आणि सावद्याला केळीचा ट्रक भरायला जायचं असलं की एकोणीस. मला हसू आलं, मग कायदा वाचला तर पोऱ्याचं गणित बरोबर निघालं.

बालन्याय कायदा २०१५ नुसार घर नाही, पोटापाण्याचं साधन नाही असं १८ च्या आतलं मूल म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं, १०९८ ला फोन करा, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करा. आणि आपला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा? त्यात हात पसरलाच पाहिजे असंही नाही, कमाईचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवतारात फिरतोय एवढं पुरतं, विनावॉरंट अटक, आणि ठरलाच भिकारी तर १ ते ३ वर्षं डांबायचं. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्री ज्याला सांभाळायचं त्यालाच सकाळी उचलायचं! दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये तिथे याची मुख्य कलमं रद्द केली, आपल्याकडे चालूच आहे.

कोणी म्हणेल १८ नंतर अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंत मदतीची, सोय आहे ना, २१ पर्यंत. आहे हो, पण बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांनाच. सतराव्या वर्षी बापाच्या माराला कंटाळून गाडीत बसला, बालगृहाची पायरी कधी चढलाच नाही, तो यात बसतच नाही. वय सिद्ध करायला शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला लागतो, तो बापाच्याच घरी, मग करा हाडांची तपासणी. (पोरींचं तर अजून अवघड, त्या स्टेशनवर टिकतच नाहीत, काम देतो म्हणून कोणीतरी घेऊन जातो.)

भिकेचा कायदा राज्याचा, तेव्हा तो जळगाव-धुळे-नंदुरबारच्या आमदारांनी अधिवेशनात काढावा, बालन्याय केंद्राचा, त्यातली संस्थेची अट काढायचं खासदारांनी बघावं. निवडणुकीत आमच्या लोकलमध्ये येऊन हात जोडतात, तेव्हा विचारूच.

– एक अप-डाऊनवाला, भुसावळ