रावेरच्या बागेला बाहेरचं काय लागतं

धुळे

प्रिय अशोक,

पत्र मिळालं. शेतकरी कंपनीच्या सभेत हवामान बदलावर बोलायचंय आणि तू सरळ विचारतोस, ग्लासगो-बाकूच्या जागतिक हवामान बैठकांशी "आपले काय करनं शे?" केळीच्या बागेला गजराज गवताचा आडोसा, घडाला स्कर्टिंग बॅगचं आवरण, खोडांना आधार, ठिबकची वेळ, हे सगळं आपणच करायचं. खरंय. पण यातलं काय कधी करायचं आणि कुठल्या रोपावर करायचं, ते बाहेरून येतं. पैसाही.

कोरडवाहू कपाशी घे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मृगात दोन सरी पडतात, सरकी टोबली जाते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. बियाण्याची एकरी दोन पाकिटं वाया, एकेक नऊशेच्या घरातलं; मजुरी वेगळी. हा खंड आधी कळू शकतो का? बऱ्याचदा अंदाज बांधता येतो. ढगांचा एक मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांच्या फेरीत हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकतो. तो पुढे गेला की आपल्याकडे खंडाची शक्यता वाढते. हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतं, त्याला या पट्ट्याचा मोठा आधार. त्यामागचं सीएफएस हे संगणकी मॉडेल मूळ अमेरिकेचं. २०१२ पासून केंद्राच्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ते आपल्या पावसासाठी घडवलं.

मॉडेलला समुद्राची मोजमापं लागतात. ती देतात आर्गो या आंतरराष्ट्रीय योजनेचे जवळपास ४,००० फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली मोजणी यंत्रं, दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येणारे, आणि एका जागी नांगरून ठेवलेले बोये, म्हणजे तरंगते मापक. हिंदी महासागरातले बोये भारत, अमेरिका, जपान वगैरे देश मिळून सांभाळतात. बोयाखाली मासे जमतात, मासेमारी बोटी जवळ येतात, जाळी अडकतात, यंत्र तुटतं. जहाज दुरुस्तीला जाईपर्यंत तिथून काही कळत नाही. पॅसिफिकमध्ये याहून वाईट झालं. खर्चकपातीत बोयांची देखभाल करणारं अमेरिकेचं जहाज २०१२ मध्ये थांबलं आणि २०१४ पर्यंत तिथून येणारी माहिती ४० टक्क्यांच्या आसपास घसरली. अल निनोची चाहूल घ्यायला हेच बोये लागतात! बाहेरची माहिती वेळेत मिळणं किती गरजेचं, हे तापीवर आपल्याला पटवून द्यावं लागत नाही: हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी गुजरातच्या उकाई धरणात जातं, म्हणून खाली आधी कळवतात, २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं होतं.

सभेत एवढं नक्की सांग, की पेरणी दुसऱ्या आठवड्यापर्यंतच्या अंदाजावर ठरवायची. तिसरा-चौथा आठवडा नुसता कल दाखवतो, तालुक्यापुरता तो धरू नये. मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला सोबत वाचायचा.

आता केळी. तुमच्याकडची मृगबाग असो (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (त्यानंतरची), बहुतेक एकच वाण, ग्रँड नैन, म्हणजे सगळ्या झाडांची दुखणी एक. पारा ३८ च्या वर गेला की वाढ मंदावते, थंडीत निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडताना, तो झाडाच्या गळ्यात अडकतो. नवा वाण हवा तर बियाणं साठवता येत नाही, कारण खायच्या केळीला बी नाही. म्हणून बेल्जियममधल्या लूव्हेनला केळीच्या वाणांचे १,५०० हून जास्त नमुने परीक्षानळ्यांत जिवंत ठेवलेत. तिथून रोपं विषाणू तपासून निघतात, दिल्लीच्या एनबीपीजीआर या वाण जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतून क्वारंटाइन होऊन मग चाचणीला जातात. ही तपासणी टाळू नये. टिश्यू कल्चरने बुरशी आणि सूत्रकृमी सुटतात, पण मातृवृक्षात सीएमव्ही विषाणू असेल तर तो प्रत्येक रोपात उतरतो. २००४ पासून लागू असलेल्या देशादेशांतल्या वाण-देवाणघेवाणीच्या करारात केळी, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहेत. कापूस, सोयाबीन, भुईमूग नाहीत. खान्देशाने यावर ओरड करायला हवी, असं माझं मत.

पैशाचं थोडक्यात. पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेती प्रकल्पाला जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले, जळगाव जिल्हा त्यात होता. पण ते कर्ज, म्हणजे धूर कोणी सोडला आणि हप्ता कोण भरतंय ते बघ. २००९ ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत द्यायचे होते. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने ते २०२२ ला पुरे झाले, तेही बरेचसे कर्जरूपाने. त्यात बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांचा (अनुकूलन) वाटा कमी, कारण सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडतो, शेततळं सावकाराला काही परत देत नाही. क्योटो कराराच्या अनुकूलन निधीला कार्बन क्रेडिटमधले, म्हणजे धूर कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांतले, २ टक्के मिळायचे. क्रेडिटचे भाव कोसळले तशी ती आवक आटली. या निधीसाठी नाबार्डला २०१२ पासून थेट मान्यता आहे, मध्ये परदेशी संस्था लागत नाही.

या निधीसाठी प्रस्ताव करणार असशील तर "पाणी कमी म्हणून शेततळं" असं लिहू नकोस. हवामानामुळे नेमकं काय बदललं ते दाखव: महसूल मंडळाचा ३० वर्षांचा पाऊस, जून-जुलैतले खंडाचे दिवस, ४२ अंशांवरचे दिवस. प्लॅस्टिक अस्तर फाटल्यावर ते कोण बदलणार, कुठल्या पैशातून, हेही त्यातच हवं. पावसाचं कोष्टक आधी पाठव, बाकीचं त्यावरून मांडू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास